एका गुणाने मागे राहिलेला पैलवान

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आपल्या होस्टेलमध्ये एकच शब्द सगळीकडे ऐकू येतो, शॉर्टलिस्ट! कोणाला साठ टक्क्यांची अट आडवी येते, कोणाची ब्रँच आडवी येते, तर कोणाचा ग्रुप डिस्कशनमध्ये आवाजच निघत नाही. नोटीस बोर्डवर नाव नसलं की मेसच्या जेवणाची चव जाते. पोरगं तेच असतं, त्याला येणारं कामही तेच असतं, पण एका कागदामुळे काल आणि आजमध्ये त्याचा भाव उतरतो. अशा वेळी मला एका माणसाची आठवण येते. आपल्यासारखाच कॉलेजचा विद्यार्थी, उंची साडेपाच फुटांच्या आसपास, अंगाने किरकोळ. त्यालाही शॉर्टलिस्टमधून वगळलं होतं आणि तेही एकदा नाही, दोनदा. त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवून देणारे पहिले खेळाडू!

कॉन्व्हेंटच्या इतिहासाच्या पुस्तकात मला खाशाबा भेटले नाहीत. ते भेटले आमच्या रेणापूरकडच्या कुस्तीच्या फडात, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. आमच्या लातूर जिल्ह्याला कुस्तीचं वेड जुनं आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते नाव आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. जत्रेतल्या फडात सगळ्यात अवघड काम पैलवानाचं नसतं, जोड लावणाऱ्या पंचांचं असतं. समोर लंगोट लावून पन्नास पोरं उभी असतात. पंच त्यांची उंची बघतात, मान बघतात, दंड बघतात आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. आणि दर वर्षी एखादी जोड अशी निघते की बारक्या पोराने दांडग्याला आस्मान दाखवलं म्हणून अख्खा फड उठून ओरडतो. म्हणजे काय, तर डोळ्याला दिसतं तेवढंच पंचांना मोजता येतं. डाव, दम आणि डोकं हे काही मापात दिसत नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच तालीम असल्यामुळे मातीची ओळख शाळेच्या आधीच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्यांमध्येही ते होते. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये आले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी वाढवलेलं कुस्तीचं माहेरघर! गल्लोगल्ली तालमी, आणि त्या तालमींत एकापेक्षा एक आडदांड मल्ल.

इथे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं रिजेक्शन आलं. कॉलेजच्या स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तर त्यांची शरीरयष्टी बघून क्रीडा शिक्षकांनी त्यांना परत पाठवलं. खरं तर शिक्षकांचंही फार चुकलं असं म्हणता येणार नाही. त्या काळी पैलवान म्हटला की डोंगरासारखा देह, असंच समीकरण होतं. पण खाशाबा तिथून थेट प्राचार्यांकडे गेले आणि एक संधी मागितली. प्राचार्यांनी ती दिली. मग त्या किरकोळ पोराने आपल्याहून ताकदवान मल्लांना एकापाठोपाठ एक पाडलं. त्यांचा ढाक हा डाव प्रसिद्ध होता. प्रतिस्पर्ध्याचं डोकं काखेत पकडायचं आणि त्याला काही कळायच्या आत खाली आणायचं. या डावात वजनापेक्षा वेग आणि वेळ साधण्याला महत्त्व असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे शुद्ध मेकॅनिक्स आहे, समोरच्याचाच गुरुत्वमध्य आपल्या कामाला लावायचा!

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक झालं. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाला हात दिला आणि खाशाबा ५२ किलो वजनगटात उतरले. तिथे नवाच प्रश्न पुढे आला. आपली कुस्ती मातीतली. मातीत घड्याळ नसतं, गुण नसतात, पाठ लागली की निकाल. तिथे मात्र गादी होती, वेळेचं बंधन होतं आणि चीतपट झाली नाही तर पंचांच्या मतावर निकाल. ज्या माणसाने आयुष्यभर मातीत पाय रोवले, त्याला गादीवर पाय कसा टाकायचा हेच नव्याने शिकावं लागलं. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केलं. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र हरले. शेवटी सहावा क्रमांक मिळाला. निकालाच्या कागदावर सहावा म्हणजे पदक नाही, विषय संपला. पण गादीवर जवळजवळ नवखा असलेला मल्ल जगात सहावा येतो, याचा अर्थ निवडणाऱ्यांच्या लक्षात यायला हवा होता.

पुढची चार वर्षं खाशाबांनी सोडली नाहीत. गोविंद पुरंदरे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कसून सराव केला आणि वजनगट वाढवून ५७ किलोत आले. आणि तिथेच दुसरं, जास्त जिव्हारी लागणारं रिजेक्शन आलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी मद्रासला निवड व्हायची होती. तिथे ते एका गुणाने मागे राहिले. फक्त एक गुण! आपल्याला तो गुण मुद्दाम कमी दिला गेला, असं खाशाबांचं ठाम म्हणणं होतं. आपल्यापैकी बरेच जण अशा वेळी दोन दिवस खोलीचं दार लावून बसतात आणि सिस्टिमला शिव्या देतात. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. यादविंद्र सिंह हे तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. मागणी साधी होती, पुन्हा कुस्ती लावा. निरंजन दास यांच्याशी पुन्हा लढत झाली, ती खाशाबांनी निर्विवाद जिंकली आणि संघात त्यांचं नाव आलं.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांनी सवलत मागितली नाही, दया मागितली नाही. त्यांनी दुसरी चाचणी मागितली. निवडीवरच्या तक्रारीला याहून चांगला पुरावा दुसरा नसतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, त्यात मोठे क्लब दर वर्षी कॉलेजच्या खेळाडूंची निवड करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्याच्या सात फेऱ्या असतात. जो आधी निवडला जातो त्याला पैसा जास्त. त्याआधी इंडियानापोलिसला या पोरांची अक्षरशः मोजणी होते. उंची, वजन, हाताची लांबी, चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ. समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याला गाठायला बचावाची भिंत फोडून धावून जाणारे जे खेळाडू असतात, त्यांना पास रशर म्हणतात. हात जरा आखूड निघाले, वजन थोडं कमी भरलं किंवा कॉलेज लहान असलं की त्यांचा भाव लगेच घसरतो. मॅक्स क्रॉस्बी नावाचा असाच एक खेळाडू ईस्टर्न मिशिगन या छोट्या विद्यापीठातून आला. अंगाने बारीक म्हणून २०१९ साली तो चौथ्या फेरीत, थेट १०६ व्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्याच हंगामात त्याने चेंडू फेकणाऱ्याला दहा वेळा जमिनीवर आणलं आणि पुढे तो या कामातला नावाजलेला खेळाडू झाला. म्हणजे एवढी यंत्रं, एवढे व्हिडिओ, एवढे तज्ज्ञ असूनही चूक होतेच. कारण टेपने हात मोजता येतो, हात वापरण्याची अक्कल मोजता येत नाही.

असो, आपण हेलसिंकीकडे परत येऊ. संघात नाव आलं, पण जायला पैसे नव्हते. आज हे वाचताना विचित्र वाटेल, पण तेव्हा खेळाडूलाच पैसे उभे करावे लागत. खाशाबा गावोगाव फिरले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी, दुकानदारांनी जमेल तशी मदत केली. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले! १९५२ चे सात हजार म्हणजे किती मोठी रक्कम, याचा अंदाज घरी आजोबांना विचारून घ्यावा. निवड समितीने खाशाबांची किंमत एका गुणाने कमी धरली होती. खर्डेकर सरांनी त्याच माणसासाठी आपलं छप्पर पणाला लावलं. एखाद्याला ओळखणं याचा खरा अर्थ मला इथे कळतो. आपला अंदाज चुकला तर किंमत आपण मोजायची, अशी ज्याची तयारी असते त्याचं मूल्यमापन कागदावरच्या मार्कांपेक्षा वेगळंच असतं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचे रशीद मामेदबेयोव्ह यांच्याकडून हार पत्करावी लागली. दोन कुस्त्यांच्या मध्ये जी विश्रांती मिळायला हवी ती त्यांना मिळाली नाही आणि दाद मागायला भारताचा अधिकारी जागेवर नव्हता, असं त्यांच्याबद्दल कायम सांगितलं जातं. इशी पहिले, मामेदबेयोव्ह दुसरे आणि खाशाबा तिसरे. कांस्यपदक! त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले. एका पायरीचा फरक, पण आज माणगावे हे नाव किती जणांना माहीत आहे? यादीत जागा कुठे मिळते त्यावर आपण माणसाला किती पटकन मोठा किंवा छोटा करून टाकतो!

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर लोटलेली गर्दी आणि शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक यांच्या आठवणी तिकडे अजून सांगतात. एरवी थोड्या वेळात कापलं जाणारं गोळेश्वरपर्यंतचं अंतर त्या दिवशी कित्येक तास चाललं. गुलाल झाडून झाल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरवला, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती सिनेमासारखी गोड झाली असती. पण पुढे पुन्हा भाव उतरला. त्याच वर्षी आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे देशाचं लक्ष तिकडे होतं. १९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचं ऑलिम्पिक हुकलं. जवळजवळ २७ वर्षं नोकरी करून ते सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांच्या पश्चात आले. पद्म पुरस्कार त्यांच्या हयातीत कधी मिळालाच नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांचं पदक किती मोठं होतं हे आपल्याला काळाने दाखवलं. भारताचं पुढचं वैयक्तिक पदक लिएंडर पेसने १९९६ मध्ये आणलं, म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ मध्ये सुशील कुमारला मिळालं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडावं लागलं, जेव्हा कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं. मध्ये ७२ वर्षं गेली! विचार करा, मद्रासचा तो एक गुण तसाच राहिला असता तर आपल्या इतिहासातून काय गेलं असतं.

मित्रांनो, प्रत्येक रिजेक्ट झालेला माणूस खाशाबा नसतो, हे मलाही कळतं. काही वेळा यादी बरोबरच असते आणि आपला अभ्यास कमी पडलेला असतो. पण ते ठरवायचं कसं? माझ्या मते खाशाबांनी घालून दिलेली कसोटी सगळ्यात सोपी आहे. पुन्हा कुस्ती लावली तर आपण जिंकू का, हे स्वतःला खरं खरं विचारायचं. उत्तर हो असेल तर गप्प बसायचं नाही, योग्य दारावर जाऊन दुसरी संधी मागायची. उत्तर नाही असेल तर तालमीत परत जायचं.

आणि जे निवडणाऱ्यांच्या खुर्चीत बसतात, त्यात आपले सरही आले, प्रोजेक्ट ग्रुप पाडणारे आपले लीडरही आले आणि उद्या नोकरीला लागून याच कॉलेजात मुलाखती घ्यायला येणारे आपणही आलो, त्यांनी घर गहाण ठेवावं अशी कोणाची अपेक्षा नाही. पण दारात उभ्या असलेल्या किरकोळ पोराला आखाड्यात उतरू तरी द्यावं. जोड लावताना फक्त दंड बघू नये, एवढंच.