बंदुकीकडून दुर्बिणीकडे : डॉ. सलीम अली



हिवाळ्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर पक्षी पाहायला जातात. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले हे तळे 2021 साली रामसर यादीत आले. तिथे चक्रवाक (हिंदीतला सुरखाब तो हाच) निर्धास्त बसलेले दिसतात. पूर्वी असे नव्हते.

डॉ. सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले, मामांनी सांभाळ केला. मामा शिकारी, भाचाही त्याच वाटेवर. एकदा छर्ऱ्याच्या बंदुकीने त्याने गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी पाडली. ती कोणती, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. सचिव मिलार्ड साहेबांनी नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटही उघडून दाखविले. मुलाच्या प्रश्नाला असा वेळ देणारा माणूस भेटणे, हे भाग्यच.

पुढे त्यांनी जर्मनीत प्रशिक्षण घेतले आणि 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले. ते शिकारीचे कट्टर विरोधक नव्हते. अभ्यासासाठी स्वतः पक्षी मारीत. प्रश्न मर्यादेचा होता. 1912 च्या कायद्यानुसार सरकारला शिकारबंदीचा काळ ठरविता येत असे. विणीच्या दिवसांतील बंदीने येथे अंडी घालणारा तित्तर वाचतो. पण बहुतेक पाहुणी बदके अंडी घालतात उत्तरेकडे आणि येथे येतात थंडीत, म्हणजे नेमकी शिकारीच्या मोसमात! भरतपूरच्या तळ्यावर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळीने एका दिवसात 4,273 पक्षी मारले. योगायोगाने तो सलीम अलींचा वाढदिवस होता.

स्वातंत्र्यानंतर हेच तळे आटवून शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. 1956 साली तेथे अभयारण्य झाले, तरी राजघराण्याचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत टिकला. सलीम अलींनी तेथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे मार्ग शोधण्याचे काम चालविले.

1972 च्या वन्यजीव कायद्यातही छोट्या शिकारीचे परवाने शिल्लक होते. ते 1991 च्या दुरुस्तीने बंद झाले. सलीम अली त्याआधी चार वर्षे, 1987 साली, नव्वदीत निवर्तले होते.