संवादिनीवादकाचे गद्य : गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) आणि नभोवाणी

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवरून संवादिनीचा स्वर बंद झाला. गोविंद सदाशिव टेंबे यांना तेव्हा एकोणसाठावे वर्ष चालू होते आणि त्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ हा ग्रंथ आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. टेंब्यांच्या चरित्राची मांडणी बहुधा ठरावीक क्रमाने होते : आधी पेटीवादक, मग नाट्यसंगीताचे रचनाकार, नंतर नट, आणि सर्वांत शेवटी लेखक. संगीताच्या इतिहासाला हा क्रम सोयीचा आहे; मराठी गद्याच्या अभ्यासकाला मात्र तो पुरेसा वाटू नये. ज्या वाद्यामुळे टेंबे प्रसिद्धीस आले ते राष्ट्रीय नभोवाणीवर त्यांच्या हयातीत पुन्हा वाजले नाही, आणि त्यांचे महत्त्वाचे लेखन याच काळाच्या आगेमागे झाले आहे.

टेंब्यांचा जन्म ५ जून १८८१चा, जडणघडण कोल्हापूरची. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अल्लादियाखाँ करवीर दरबारी आले आणि या शहराला ख्यालगायनाचे एक पीठ लाभले. देवल क्लबातील बैठका हे टेंब्यांचे खरे विद्यालय. संवादिनी त्यांना कोणी रीतसर शिकविली नाही. तशी शिकविणारी परंपराच नव्हती, कारण हे वाद्य मुळात फ्रान्सचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला बसून वाजविण्याजोगे, हातभात्याचे रूप दिले. म्हणजे हे एतद्देशीय रूप आणि त्याचा हा वादक जवळजवळ एकाच पिढीचे म्हणावे लागतील.

स्वयंशिक्षित वादकापुढील अडचण बिकट होती. पेटीचे स्वर पक्के ठोकलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. आंदोलित गंधार वा कोमल ऋषभाची सूक्ष्म छटा दाखविता येत नाही. या उणिवेची जाणीव विरोधकांइतकीच पेटीप्रेमींनाही होती. कोल्हापूरनजीकच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी १९११च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोप केला, तो याच जाणिवेतून. टेंब्यांनी वाद्य बदलले नाही, बोटे बदलली. अल्लादियाखाँचे गंडाबंध शिष्यत्व नसताना त्या पेचदार गायकीची चाल त्यांनी पट्ट्यांवर उतरविली, आणि दीर्घकाळ भास्करबुवा बखल्यांची साथ केली. गायकाचा श्वास कोठे संपेल, तो कोणत्या स्वरावर थांबेल, याचा अंदाज साथीदाराला क्षणभर आधी यावा लागतो. आणि तो आला तरी त्याने गायकाच्या पुढे जायचे नसते. ही शिस्त पुढे त्यांच्या लेखनात उतरली.

रंगभूमीवरील कारकीर्द सर्वज्ञात असल्याने तिचा धावता उल्लेख पुरे. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळींनी खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना टेंब्यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-दादऱ्यांचे वळण दिले आणि मराठी नाटकाच्या कानाची सवयच पालटली. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीचे मालक झाले. काही वर्षांनी वेगळे होऊन त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. ‘पटवर्धन’, ‘तुलसीदास’ ही नाटके त्यांच्याच लेखणीची. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत अशी दोन्ही कामे त्यांनी पेलली. एका माणसाने इतकी दालने धुंडाळावीत, याचे कौतुक झाले. त्यामुळे एकाही दालनात त्यांचा पुरता विचार झाला नाही, हेही खरे.

याच सुमारास गाण्याची सत्ता दरबार व नाटकगृहातून नभोवाणीकडे सरकू लागली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. १९३६ साली सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. केंद्राचा दिवस म्हणजे अनेक तऱ्हांची सरमिसळ : पहाटेची मंगलवाद्ये, भक्तिगीते, बातम्या, स्त्रियांसाठी, कामगारांसाठी व खेड्यांतील श्रोत्यांसाठी वेगवेगळे कार्यक्रम, विद्वानांची बेतशीर भाषणे, श्रुतिका, आणि रात्री ख्यालाची बैठक. राजाच्या मर्जीवर किंवा तिकिटावर न विसंबणारा एवढा श्रोतृवर्ग गवयाला पूर्वी कधी लाभला नव्हता. पण या दिवसाच्या आखणीत काय ऐकू यावे याबरोबरच काय ऐकू येऊ नये हेही ठरत असे. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्झ यांनी १९३८ साली संवादिनीवर लेखातून कडक टीका केली. रवींद्रनाथांनी १९४०च्या आरंभी कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून तिच्या हकालपट्टीचा आग्रह धरला. आनंद कुमारस्वामी तर फार आधीपासून विरोधात होते. परकीय राज्यातील इंग्रज संगीतज्ञ आणि स्वदेशीचे भारतीय पुरस्कर्ते यांचे एका वाद्याविरुद्ध एकमत व्हावे, हा प्रसंग विरळाच. संगतीला सारंगी व व्हायोलिन आली. सारंगियांना यामुळे नवा आधार मिळाला, हेही नोंदविले पाहिजे.

टेंब्यांना या बंदीचे बळी ठरविण्याचा मोह टाळावा. उत्तरायुष्यात त्यांनी पेटी बाजूला ठेवली होती. शिवाय वाद्यावरील आक्षेप शास्त्रदृष्ट्या पोकळ नव्हते. बंदीची त्रुटी निराळी आहे. तिने वाद्याच्या मर्यादेचा विचार केला. त्या मर्यादेत राहून वादकाने कमावलेल्या विद्येचा केला नाही. भास्करबुवांच्या पिढीच्या मैफली पेटीच्या साथीने घडल्या होत्या. त्या मैफलीचा मूळ नाद नभोवाणीच्या कोणत्याही दिवसात येणार नव्हता. तो ज्यांनी हाताने ऐकला होता त्यांनी शब्दांत ठेवला तरच मागे राहणार होता.

‘माझा संगीत व्यासंग’ या दृष्टीने वाचावा. गणपतराव बोडसांचे आत्मचरित्र ‘माझी भूमिका’ १९४० सालचे. एकाच मंडळीच्या दोन भागीदारांच्या या ग्रंथांची नावेच पुरेशी बोलकी आहेत : नटाचा शब्द भूमिका, साथीदाराचा व्यासंग. टेंबे ‘माझा’ म्हणून आरंभ करतात, पण त्यांची लेखणी वारंवार दुसऱ्यांच्या गाण्याकडे वळते. स्वतःच्या यशाचे प्रसंग शोधणाऱ्याला तेथे त्यांच्या श्रवणाचे प्रसंग अधिक सापडतात. गायकाची वृत्ती, त्याच्या आवाजाची जात, मैफल रंगण्याची वा फसण्याची कारणे यांचे त्यांचे निरीक्षण बैठकीत गायकाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याचे आहे, समोरच्या रसिकाचे नव्हे. मराठी संगीतसमीक्षेत हे स्थान दुर्मीळ आहे. केशवराव भोळे यांचा अपवाद सोडला, तर इतक्या कारागिरीच्या जवळून लिहिणारे फारसे कोणी त्या काळात दिसत नाहीत. ‘माझा जीवनविहार’ (१९४८) अधिक पसरट आहे, आणि त्यातील सैलपणा कोठे कोठे जाणवतो. साथीदार एकटाच वाजवू लागला की त्याला ठेका सांभाळणे जड जाते, तसे काहीसे होते. अल्लादियाखाँच्या चरित्रात मात्र त्यांची शैली पुन्हा स्थिर होते. तेथे मुख्य गायक समोर आहे आणि लेखक आपल्या जागी आहे. ज्यांचा गंडा बांधला नाही त्यांचेच चरित्र लिहिणे, यात शिष्यत्वाचा एक मार्ग त्यांनी शोधला, असा अन्वय लावता येतो.

वाद्याला दार बंद करणाऱ्या नभोवाणीने शब्द आणि स्वर यांच्या एका नव्या जोडीला मात्र वाव दिला. मर्ढेकरांच्या उदाहरणावरून दिसते की मराठीतील संगीतिका नभोवाणीच्या आश्रयानेच वाढली. टेंब्यांनीही ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ या संगीतिका रचल्या. नेपथ्य, अभिनय, रंगवेष यांवाचून केवळ गीताने कथा चालविण्याचा हा प्रकार ‘मानापमान’च्या रचनाकाराला परका नव्हता, त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

स्वातंत्र्यानंतर बंदी शिथिल झाली नाही. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताला राष्ट्रीय कार्यक्रमाचे मानाचे स्थान मिळाले, चित्रपटगीतांना आळा बसला आणि पेटी बाहेरच राहिली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून त्या केंद्रावर दर आठवड्याला ‘गीतरामायण’ ऐकू येऊ लागले. त्याचे संगीतकार सुधीर फडके हेही जन्माने कोल्हापूरचेच. पुढे रंगमंचावर ही गीते गाताना ते स्वतः पेटी घेऊन बसत. नभोवाणीवर ती सोय नव्हती. ते वर्षभराचे सत्र अर्ध्यावर असताना, ९ ऑक्टोबर १९५५ रोजी, टेंबे निवर्तले. ‘जीवनव्यासंग’ त्यानंतर प्रसिद्ध झाले.

बंदी अंशतः उठली ती १९७१ साली. काही कलावंतांना संगतीसाठी पेटी घेण्याची मुभा मिळाली. एकलवादनाला तेव्हाही परवानगी नव्हती. मधल्या एकतीस वर्षांत ‘मानापमान’ची पदे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांतून वाजत होती, सारंगीवर किंवा व्हायोलिनवर.