गवताच्या नदीची राखणदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय टोकाला फ्लॉरिडा नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिण भागात एव्हरग्लेड्स हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश पसरला आहे. करवतीसारख्या धारदार पात्यांचे उंच गवत, अधूनमधून वृक्षांची बेटे, उन्हात पहुडलेल्या मगरी आणि पाणपक्ष्यांचे थवे, असे त्याचे रूप आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र लोकांच्या लेखी ती डासांनी भरलेली निरुपयोगी दलदल होती. कालवे खणून तेथील पाणी समुद्रात सोडावे आणि कोरड्या भूमीवर शेते व नगरे वसवावीत, यालाच राज्यकर्ते प्रगती मानीत. ही समजूत बदलण्यासाठी एका स्त्रीने आपले दीर्घ आयुष्य वेचले. तिचे नाव मार्जोरी स्टोनमन डग्लस.

मार्जोरीबाईंचा जन्म ७ एप्रिल १८९० रोजी मिनीॲपोलिस येथे झाला. त्या सहा वर्षांच्या असतानाच आईवडील विभक्त झाले आणि आई त्यांना घेऊन आपल्या माहेरी गेली. आईला मनोविकार जडला होता. त्यामुळे मुलीला अकालीच समज आली. १९१२ साली वेलस्ली महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर लवकरच आईचे निधन झाले. विवाहातही त्यांना सुख लाभले नाही. १९१५ साली त्या मायामी येथे वडिलांकडे आल्या. वडील तेथील वृत्तपत्राचे संपादक होते. एव्हरग्लेड्स कोरडे करण्याच्या योजनेवर त्यांनी निर्भीडपणे टीका केली होती. कन्येनेही त्यांच्याच पत्रात लेखणी हाती घेतली.

पुढे एका संपादकाने त्यांना मायामी नदीवर पुस्तक लिहिण्यास सुचविले. नदी अगदीच लहान. परंतु तिचा माग काढताना बाईंची दृष्टी एव्हरग्लेड्सकडे वळली. भूजलाच्या जाणकारांना भेटून त्यांनी सुमारे पाच वर्षे अभ्यास केला. तेव्हा ध्यानात आले की, ही दलदल नसून नदीच आहे! ओकीचोबी सरोवराकडून दक्षिणेस समुद्राकडे ती संथपणे सरकते. रुंदी काही ठिकाणी ८० किलोमीटर. खोली मात्र बहुधा गुडघ्याएवढी. हेच पाणी जमिनीत झिरपून मायामीच्या विहिरींना मिळते. ते काढून टाकले, तर विहिरींत समुद्राचे खारे पाणी शिरते आणि सुकलेली माती वणव्यात जळून जाते.

१९४७ च्या नोव्हेंबरात ‘एव्हरग्लेड्स : गवताची नदी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, तेथील राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. तथापि उद्यानाला मिळणारे पाणी बाहेरूनच येई आणि बाहेर बांध-कालव्यांचे काम जोरात चालू होते. उत्तरेकडील वळणावळणाची किसिमी नदीही १९६२ ते १९७१ या काळात सरळ कालव्यात कोंडली गेली.

अशातच या प्रदेशाच्या सीमेवर एक प्रचंड विमानतळ उभारण्याचे घाटू लागले. १९६९ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बाईंनी ‘एव्हरग्लेड्सचे मित्र’ ही संस्था स्थापन केली. वर्गणी केवळ एक डॉलर ठेवली. त्यांना मोटार चालवता येत नसे आणि दृष्टी मंदावत चालली होती; तरीही डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी घालून त्या गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. अनेकांच्या प्रयत्नांना यश येऊन १९७० साली ती योजना थांबली. एक धावपट्टी तेवढी बांधून झाली होती.

सर्वांनाच त्यांचे म्हणणे रुचले नाही. एका सभेत संतप्त रहिवाशांनी व शेतकऱ्यांनी त्यांची हुर्यो उडविली. परंतु वृद्ध बाई शांतपणे उभ्या राहिल्या आणि आपले बोलणे पुरे करूनच खाली बसल्या. विशेष असे की, डास आणि चिखल यांमुळे त्या एव्हरग्लेड्समध्ये फारशा जातही नसत. एखादी भूमी जगावी, यासाठी तिचा आपणांस उपभोग मिळालाच पाहिजे, असे त्यांना वाटत नव्हते.

१९९३ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. १४ मे १९९८ रोजी, वयाच्या १०८ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा एव्हरग्लेड्समध्येच विखुरण्यात आली. पुढल्याच वर्षी किसिमी नदीला तिची जुनी वळणे परत देण्याचे काम सुरू झाले. ते २०२१ साली पुरे झाले. सरळ केलेली नदी पुन्हा वळविण्यास बावीस वर्षे लागली. लोकांची मने वळविण्यासाठी मार्जोरीबाईंना त्याहून कितीतरी अधिक काळ झिजावे लागले होते.