पायदळाचा सैनिक : नाईक यशवंत घाडगे

सैनिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी रणगाडे आणि विमानं येतात, हो ना? पण तोफा लांबून मारा करतात, विमानं बॉम्ब टाकून परत जातात. शत्रूच्या ठाण्यात प्रत्यक्ष शिरायचं, ते ताब्यात घ्यायचं आणि राखायचं, हे काम पायदळाच्या जवानाचं. ते कसं असतं, हे आपण यशवंत घाडगे यांच्या जीवनातून पाहू.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव इथे झाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. पुढे ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. (‘लाइट’ म्हणजे कमी ओझं घेऊन झपाझप चालणारं पायदळ, बरं का!) दुसऱ्या महायुद्धात त्यांची तिसरी पलटण इटलीत लढत होती. तेव्हा ते नाईक होते. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती असलेला, एका सेक्शनचा प्रमुख.

सेक्शन म्हणजे पायदळातली लहानशी तुकडी, साधारण दहा जणांची. त्यात बहुतेकांकडे रायफल असते. एकाकडे हलकी मशीनगन, तेव्हा ती ब्रेन गन असे. ती गोळ्या झाडत राहते, तेवढ्यात बाकीचे पुढे सरकतात. तिच्या जोडीला गोळ्या पुरवणारा गडी. कोणी कुठे थांबायचं, कधी धावायचं, कशावर नेम धरायचा, हे नाईक सांगतो. माणसं त्याची आणि दिलेलं कामही त्याचंच. माझ्या मते सैन्यातली सर्वांत अवघड जागा हीच, कारण हुकूम देणारा इथे मागे राहत नाही.

जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण डोंगराडोंगरांत ठाणी धरून वाट अडवत होतं. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या कंपनीने अशाच एका ठाण्यावर हल्ला चढवला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि बघता बघता सेक्शनमधले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे होते ते एकटे घाडगे.

आता हुकूम द्यायला कोणी उरलं नव्हतं. पण मशीनगन बंद करायचं काम बाकीच होतं, आणि ती चालू असेपर्यंत मागच्यांना पुढे येणं कठीण. ते सरळ तिच्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. समोर अजून दोघे होते. बंदूक नळीकडून धरून त्यांनी त्या दोघांना दस्त्याने ठार केलं. ठाणं पडलं. पण लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गोळ्या घातल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांना वीरमरण आलं. वय अवघं बावीस.

गोष्ट सांगताना आपण बंदुकीच्या त्या तडाख्यावरच थांबतो. मला मात्र त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. दहांचं काम एकट्यावर आलं, तेव्हा आडोसा शोधला असता तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वीकारला. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं.