अण्णा भाऊंचं कलापथक कोणा एका जातीचं नव्हतं

१ ऑगस्ट आला की नांदेड-लातूरच्या गावागावांत अण्णा भाऊ साठे यांच्या प्रतिमेला हार घातले जातात. पण अनेक ठिकाणी ही जयंती मातंग वस्तीपुरतीच राहते, जशी १४ एप्रिलची मिरवणूक बौद्ध वस्तीपुरती राहते. मधला रस्ता ओलांडला जात नाही. म्हणूनच अण्णा भाऊंचं आयुष्य आणि त्यांच्या कलापथकाची गोष्ट आपल्या तरुणांनी समजून घेतली पाहिजे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी झाला. मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. मातंग समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारलेला तो काळ. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोटासाठी हे कुटुंब पायी चालत मुंबईला निघालं. मुंबईत त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केलं आणि कामगार चळवळीतच ते खऱ्या अर्थाने लिहू-वाचू लागले.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये दलित कामगारांची मोठी वस्ती होती. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेले कॉम्रेड रा. ब. मोरे यांचा सहवास त्यांना तिथेच लाभला. म्हणजे महाडच्या पाण्याची चळवळ आणि गिरणीची चळवळ, दोन्हींचे संस्कार या तरुणावर झाले. १९४३ साली स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या पोवाड्याने त्यांचं नाव सर्वदूर पोहोचलं.

१९४४ साली अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख हे बार्शीचे, घरचं नाव मेहबूब पटेल. ज्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत यायची, त्या बार्शीचे. एक मातंग, एक मुसलमान, सगळे एकाच डफावर. रेडिओ तेव्हा सरकारच्या हातात आणि मोजक्या घरांत होता. वर्तमानपत्र वाचणारेही थोडेच. अशा वेळी युद्ध, महागाई, सावकारी आणि निवडणुकीचं राजकारण कामगाराला समजावून सांगण्याचं काम या कलापथकाने केलं. आंबेडकरी जलशांनी हीच वाट आधी घालून दिली होती.

अण्णा भाऊंनी तमाशाचा साचाही बदलला. गणपतीचा गण आणि गवळण काढून मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आणलं. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचं इलेक्शन', 'माझी मुंबई' या वगांत शेतकरी आणि मजूर नायक झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने बंदी घातली, तेव्हा तमाशा लोकनाट्य म्हणून पुन्हा उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच शाहीर आघाडीवर होते.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. ही पृथ्वी कष्टकऱ्यांच्या बळावर उभी आहे, असा विचार त्यांनी तिथे मांडला. १९५९ ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

एवढं होऊनही गरिबी सुटली नाही. बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. ज्यांनी त्यांच्या गाण्यांवर सभा जिंकल्या, त्यांना या माणसांचं जगणं सावरता आलं नाही, ही बोचणारी गोष्ट आहे.

काही जण म्हणतील, ते कम्युनिस्ट होते, आपला त्यांच्याशी काय संबंध? मतभेद जरूर मांडावेत. पण बाबासाहेबांना 'फकिरा' अर्पण करणाऱ्या लेखकाला परकं ठरवलं तर नुकसान आपलंच आहे. मातंग आणि बौद्ध समाजाला वेगळं ठेवून मतं मोजणाऱ्यांना तेच हवं आहे.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आवाज पोहोचवायला कोणाची परवानगी लागत नाही. नांदेड-लातूरच्या तरुणांनी दोन्ही वस्त्यांतली मुलं-मुली घेऊन एक कलापथक उभं करावं. येत्या १ ऑगस्टला त्याचा पहिला प्रयोग मातंग वस्तीत आणि १४ एप्रिलला दुसरा बौद्ध वस्तीत व्हावा. अण्णा भाऊंना याहून मोठं अभिवादन नाही.

जयभीम!