आर्किमिडीज आणि होडीतलं पाणी

मित्रांनो, आर्किमिडीज म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आंघोळ अर्धवट सोडून रस्त्याने उघडाच पळत सुटलेला एक शास्त्रज्ञ! माझंही ज्ञान तेवढंच होतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हात त्याचं तत्त्व घडाघडा म्हणून दाखवलं, मार्क पडले, विषय संपला. तो मला परत भेटला तो भिगवणजवळ, एका होडीच्या तळाशी.

झालं असं, की हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात म्हणून होस्टेलची आम्ही पाच-सहा पोरं एका रविवारी बारामतीहून कुंभारगावला गेलो. तिथले मच्छीमारच होडीतून पक्षी दाखवायला नेतात. निम्म्या वाटेत माझे बूट ओले झाले. बघतो तर फळ्यांखाली पाणी साचलेलं! ते बघायला आम्ही सगळे एका बाजूला वाकलो, तर पाणीही आमच्यामागोमाग त्याच बाजूला आलं आणि होडी आणखी कलली. होडीवाल्या मामांनी आधी दम देऊन सगळ्यांना जागेवर बसवलं. मग अर्धा कापलेला तेलाचा डबा माझ्या हातात दिला आणि उपसायला लावलं.

किनाऱ्याला लागल्यावर मामांची खरी इंजिनिअरिंग पाहिली. होडी वर ओढली, आतून पुसून कोरडी केली. मग उलटंच केलं, आतमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि खाली वाकून बाहेरून कुठे ठिबकतंय ते बघितलं. तळाच्या जोडाजवळ केसाएवढी चीर होती. आत नुसतं उपसत बसलो असतो तर ती कधीच सापडली नसती.

त्या रात्री लायब्ररीतून आणलेलं आर्किमिडीजचं चरित्र वाचायला घेतलं आणि चाटच पडलो. हा माणूसही बोटीतलं पाणी काढत होता!

आर्किमिडीजचा जन्म इ.स.पूर्व २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या बंदराच्या गावी झाला. वडील फिडियास खगोलशास्त्रज्ञ. इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया हे त्या काळचं विद्येचं माहेरघर. तिथल्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार असे. पृथ्वीचा परीघ मोजणारा इरॅटोस्थेनिस हा त्यांतलाच एक. ९६ बाजूंची आकृती घेऊन पायची किंमत ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्या मध्ये आहे हे त्याने सिद्ध केलं, तेही कॅल्क्युलेटरशिवाय!

सिराक्यूजचा राजा हिएरॉन याने एक अवाढव्य जहाज बांधायला काढलं. नाव सिराक्युसिया. धान्य वाहायचंच, पण थाट राजवाड्याचा. बाग, व्यायामशाळा, स्नानगृह, ग्रंथालय, देवीचं मंदिर, सगळं जहाजावर. त्याचं जुनं वर्णन आजही उपलब्ध आहे. देखरेख आर्किमिडीजकडे होती. पण लाकडी जहाज कितीही राजेशाही असलं तरी सांध्यांतून पाणी झिरपणारच, वरून लाटांचं आणि पावसाचं पाणी येणारच. ते सगळं जाऊन साचतं तळाच्या अंधाऱ्या पोकळीत. एवढ्या खोलातून डब्या-बादल्यांनी ते उपसायचं म्हणजे माणसांची फौजच लागणार!

आर्किमिडीजने तिथे मळसूत्र बसवलं. तिरप्या नळकांड्यात स्क्रूसारखी फिरती पाती, खालचं टोक पाण्यात. दांडा फिरवला की पाणी एकेका वेढ्यात अडकून वर सरकतं. त्या वर्णनानुसार तळ एवढा खोल असूनही एकच माणूस ते पाणी काढायचा. हे यंत्र इजिप्तमध्ये आधीपासून होतं असं काही अभ्यासक मानतात, पण नाव मात्र त्याचंच राहिलं.

याच माणसाने तरंगणाऱ्या वस्तूंवर दोन भागांत ग्रंथ लिहिला. पहिल्या भागात आपलं पाठ केलेलं तत्त्व आहे. दुसऱ्या भागात तरंगणारी वस्तू कलली तर सरळ होईल की उलटेल, याचं गणित आहे. आपण मेटासेंटर शिकतो, त्याची ही सुरुवात. आता उजनीच्या होडीचा हिशोब बघा. पाण्याच्या रेषेवर तिचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर धरलं, तर आत साचलेल्या १०० लिटर पाण्याने ती फक्त २ सेंटिमीटर खाली बसते. एवढ्याने कोण बुडतं? पण ते १०० किलो जागेवर बसत नाहीत. होडी कलली की तिकडेच धावतात आणि तिला आणखी कलवतात. मामांनी दम का दिला ते मला तेव्हा कळलं.

पुढे रोमनांनी सिराक्यूजला वेढा घातला. म्हाताऱ्या आर्किमिडीजच्या यंत्रांनी त्यांना बराच काळ झुंजवलं. इ.स.पूर्व २१२ मध्ये शहर पडलं आणि एका रोमन सैनिकाने त्याला मारलं. सेनापतीचा हुकूम त्याला जिवंत ठेवायचा होता म्हणतात. त्याच्या कबरीवर गोल आणि दंडगोल कोरलेले होते. पुढे इ.स.पूर्व ७५ मध्ये सिसेरो या रोमन अधिकाऱ्याने ती काटेरी झुडपांतून शोधून काढली.

प्लुटार्क लिहितो, की आर्किमिडीजला यंत्रांचं काम हलकं वाटे, म्हणून त्याने त्यावर लिहून ठेवलं नाही. गंमत बघा, ज्यावर त्याने ओळ लिहिली नाही ते मळसूत्र आजही सांडपाण्याच्या प्रकल्पांत पाणी उचलतंय!

मला मात्र ते काम हलकं वाटत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात याच उजनीत उलटली. सहा जण गेले. पाणी वरून येवो की खालून, एकदा आत आलं की ते कोणाची वाट बघत नाही.

म्हणून मित्रांनो, भिगवणला जरूर जा, पक्षी बघा. पण होडीत बसताना आधी लाइफ जॅकेट मागा आणि फळ्यांखाली एकदा डोकावा. पाणी दिसलं तर लाजू नका, मामांना विचारा. आणि डबा हातात आला तर उपसा! आर्किमिडीजच्या जहाजावरही हे काम होतंच की.