कोंबड्या, कोंडा आणि डॉ. आयकमन

‘ब’ जीवनसत्त्व कमी पडलं की बेरीबेरी होतो, एवढं एक वाक्य शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं. आपण ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. त्या एका वाक्यामागे एका डॉक्टरची कितीतरी वर्षं आणि बऱ्याच कोंबड्या आहेत. त्याचीच ही गोष्ट.

ख्रिस्तियान आयकमन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी हॉलंडमधल्या नायकेर्क या गावी झाला. वडील शाळामास्तर, घरात भावंडं पुष्कळ. लष्कराच्या खर्चाने ते अ‍ॅमस्टरडॅमला डॉक्टरी शिकले आणि १८८३ मध्ये लष्करी डॉक्टर म्हणून डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला गेले. दोनच वर्षांत मलेरियाने त्यांना इतकं खिळखिळं केलं, की मायदेशी परतावं लागलं. १८८६ मध्ये पत्नीही गेली. तेव्हा त्यांनी तिशीसुद्धा गाठली नव्हती.

दुसरा कुणी असता तर खचला असता. आयकमन मात्र बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकायला गेले. तो जंतूंचा जमाना होता. एकामागून एक रोगांचे जंतू सापडत होते, त्यामुळे प्रत्येक रोगामागे जंतूच असणार असं सगळ्यांना वाटायचं. त्याच सुमारास जावा-सुमात्राकडे डच फौजेतले सैनिक बेरीबेरीने मरत होते. आधी पाय बधिर व्हायचे, मग चालता यायचं नाही, अंगावर सूज यायची आणि शेवटी हृदय थांबायचं. सरकारने पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन तज्ज्ञांना तिकडे पाठवलं, त्यांच्याबरोबर आयकमनही निघाले. ते दोघं परत गेल्यावर १८८८ मध्ये बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, नव्या प्रयोगशाळेची सूत्रं आयकमन यांच्या हाती आली. जंतू शोधायचा, हेच काम.

जंतू काही सापडेना. पण १८८९ च्या जुलैत प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडायला लागल्या. पाय लटपटायचे, मान टाकायच्या, मरायच्या. ज्यांना काहीच टोचलं नव्हतं त्याही आजारी पडल्या. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस हा आजार आला तसा नाहीसा झाला. आयकमन बुचकळ्यात पडले. शेवटी त्यांनी दाण्यापाण्याची चौकशी केली, तेव्हा गंमत कळली. पैसे वाचवायला तिथला नोकर कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घालत होता. मग स्वयंपाकी बदलला. फौजेचा भात बिनफौजी कोंबड्यांना द्यायला नव्या स्वयंपाक्याने साफ नकार दिला, म्हणून त्यांना पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या!

आयकमन यांनी हा योगायोग म्हणून सोडून दिला नाही. पॉलिश केलेला तांदूळ घालून पाहिला, कोंबड्या आजारी. कोंडा परत मिसळून दिला, कोंबड्या ठणठणीत. पण माणसांचं काय? त्यांचे मित्र फोर्डरमन यांनी जावामधल्या शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. कैदी पावणेतीन लाखांहून जास्त. जिथे पॉलिशचा तांदूळ होता तिथे साधारण दर ३९ कैद्यांत एकाला बेरीबेरी, जिथे कोंड्यासकट तांदूळ होता तिथे १०,००० मध्ये एकाला.

एवढं हाती असूनही आयकमन यांचा तर्क चुकला. भाताच्या पिठुळ भागात विष असतं आणि कोंडा त्यावर उतारा असतो, असं त्यांना वाटलं. तब्येत ढासळल्यामुळे १८९६ मध्ये ते हॉलंडला परतले. बटाव्हियात त्यांच्या मागे काम करणाऱ्या खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये खरं उत्तर दिलं. विष वगैरे काही नाही, कोंड्यात शरीराला हवंच असं काहीतरी आहे आणि पॉलिश करताना आपण तेच फेकून देतो. पुढे आयकमन यांनीही हे मान्य केलं. माझ्या मते त्यांचा मोठेपणा इथे आहे. आपल्या नावाशी जोडलेला तर्क सोडणं सोपं नसतं.

१९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी त्याच बटाव्हियात, तांदळाच्या कोंड्यातून, ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. आज आपण त्याला थायमिन किंवा जीवनसत्त्व ब-१ म्हणतो. खाल्लेल्या भात-भाकरीची शक्ती करायला शरीराला ते लागतं. मेंदू आणि मज्जातंतू मुख्यतः साखरेवर चालतात, म्हणून थायमिन संपलं की पहिला फटका त्यांना बसतो. त्याच कोंड्यात तंतूही असतात. ते पोट साफ ठेवतात, जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढू देत नाहीत. पण तंतूंचं महत्त्व जगाला पटायला आणखी बरीच वर्षं लागली.

१९२९ मध्ये आयकमन यांना हॉपकिन्स यांच्याबरोबर नोबेल विभागून मिळालं. ग्रेन्स यांचं नाव त्यात नव्हतं. आजारपणामुळे आयकमन समारंभाला जाऊ शकले नाहीत आणि ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्टला वारले.

आमच्या गोव्यात आजी अजून सकाळी अकराला उकड्या तांदळाची पेज पिते. भात सालासकट उकडला की कोंड्यातलं थायमिन दाण्यात उतरतं, म्हणून पुढे गिरणीत सडला तरी त्यातलं बरंच टिकून राहतं. आजीला आयकमन माहीत नाहीत. मला माहीत आहेत, आणि तरी मी घरी पांढऱ्या भातासाठी हट्ट धरायचो. हा लेख लिहायला घेतल्यापासून तो हट्ट सोडला आहे. आजीला वाटतं, पोराला अक्कल आली. ती कोंबड्यांकडून आली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.